बाब क्रमांक एकोणतीस

सायली भोईटे आमच्या घरी राहायला आली, त्या संध्याकाळी तिने माझ्या बायकोच्या आमटीला दहापैकी सहा गुण दिले. न विचारता दिले असं नाही. बायकोने "कशी झालीय?" असं विचारलं होतं. पण हा प्रश्न उत्तरासाठी विचारलेला नसतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी चोवीस वर्षं "छान" म्हणत आलो आहे. सायलीने घास गिळला, समोरच्या भिंतीकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "सहा."

"सहा?" बायको म्हणाली.

"सहा म्हणजे चांगली, काकू. आमच्या आईला साडेपाच असतात."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

सायली मूळची फलटणची. लीड्सला इंजिनिअरिंग शिकत होती आणि अभ्यासक्रमातलं तिसरं वर्ष तिला एका मोटारींच्या कारखान्यात इंटर्न म्हणून काढायचं होतं. हा कारखाना आमच्या बर्मिंगहॅमच्या घरापासून अकरा मैलांवर आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण तिनेही ते कधी जेवणाच्या टेबलावर घेतलं नाही. कागदावर सही करून दिलीय म्हणायची. आमचा मुलगा केंब्रिजला गेल्यामुळे वरची खोली रिकामी होती. इथल्या मराठी मंडळातल्या एका ओळखीच्या बाईंनी विचारलं आणि सप्टेंबरात ही मुलगी दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली. उंची पाच फुटांना जेमतेम टेकणारी. बारा महिन्यांसाठी आली आणि पुरते बारा महिने राहिली.

मी एका बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात काम करतो. तिला कारखान्यात जायला दोन बसेस लागणार होत्या, तेव्हा मी हौसेने तिच्यासाठी मार्ग आखून दिला. सकाळी सहा बाराची बस, मध्ये नऊ मिनिटांची बदली, एकूण एक तास सात मिनिटं. पहिल्या दिवशी परत आल्यावर मी विचारलं, "वेळापत्रक कसं वाटलं?"

"साडेसहा," ती म्हणाली. "दुसरी बस तीन मिनिटं उशिरा आली, काका."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी त्या बसची नोंद काढून पाहिली. तीन मिनिटं बरोबर होती. तिथून मला ही मुलगी आवडू लागली.

गुण देण्याची ही सवय तिला वडिलांकडून आली होती. ते फलटणच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत. पैकीच्या पैकी गुण त्यांनी नोकरीच्या आयुष्यात कोणाला दिले नव्हते, पोटच्या मुलीला तर नाहीच. सगळं उत्तर बरोबर असलं तरी दोन गुण कापायचेच. एक अक्षराचा, कारण अक्षर आणखी चांगलं काढता आलं असतं. आणि दुसरा पोराच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. सायली हे फार कौतुकाने सांगायची. "दहा कोणालाच नसतात, काकू," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. दुसरं म्हणजे, "उगाच वाढवून कशाला द्यायचे?"

बायकोला पहिले पंधरा दिवस याचा राग होता. मग तिच्यात ईर्षा आली. थालीपिठाला साडेसहा मिळाले त्या रविवारी तिने मला स्वयंपाकघरात बोलावून ते दोनदा सांगितलं. नाताळच्या सुट्टीत भरल्या वांग्यांना सात पडले. तेव्हा तिने भारतात बहिणीला फोन केला. चोवीस वर्षांच्या माझ्या "छान"चा या घरात कधी फोन झालेला नाही.

तिच्या नोकरीविषयी आम्हाला सुरुवातीला काही कळेना. बायको विचारायची, "आज काय केलंस गं?"

"आज गाडीचं दार लावलं."

"आणि?"

"एकशे चाळीस वेळा लावलं."

"इंजिनिअरिंग शिकून दार लावतेस?"

"मन लावून लावलं, काकू. दर वेळी आवाज ऐकायचा असतो."

हळूहळू उलगडा झाला. कारखान्यात नव्या गाडीचे नमुने तयार झाले की पाच जणांचं एक मंडळ ते वापरून पाहतं. बसायचं, उठायचं, दार उघडायचं, काच खाली घ्यायची, ब्रेक दाबायचा, आणि प्रत्येक बाबीला दहापैकी गुण द्यायचे. अशा चाळीस बाबी. सायलीला या मंडळात पाचवी म्हणून बसवलं होतं. विभागाचा प्रमुख ग्रॅहम नावाचा, तीस वर्षं त्याच कारखान्यात काढलेला, साठीकडे आलेला गृहस्थ. तिच्या सांगण्यावरून माणूस शांत, चहात बुडालेला आणि सहा फूट उंच. बाकीचे तिघेही साधारण त्याच मापाचे. जेवणाच्या सुट्टीत चौघांच्या मधोमध चालताना आपण विहिरीतून बोलतोय असं वाटतं, असं ती म्हणायची.

गुण देण्याचं काम मिळाल्याचं तिने फलटणला कळवलं तेव्हा वडिलांना आनंद झाला. त्यांनी सूचना एकच दिली. "हात आखडता ठेव."

तो तिने ठेवला. पाच महिने ठेवला.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका मंगळवारी ती घरी आली ती न बोलता. बायकोने मऊ खिचडी केली होती. तिने गुण दिले नाहीत. बायको घाबरली.

"काय झालं गं?"

"गाडी नापास झाली," सायली म्हणाली. "माझ्यामुळे."

सांगायला तिला बराच वेळ लागला. झालं होतं ते असं. त्यांच्या पद्धतीत सरासरी सात म्हणजे पास, सातच्या खाली गेलं की गाडी दुरुस्तीला परत. प्रत्येक आकड्यापुढे त्याचा अर्थ लिहिलेला तक्ता तिला पहिल्याच दिवशी दिला होता. पाच म्हणजे गिऱ्हाईक तक्रार करील, सहा म्हणजे जेमतेम, आठ म्हणजे चांगलं. तिने तो वाचला होता आणि घडी घालून ठेवून दिला होता. गुण कसे द्यायचे हे कोणी आपल्याला शिकवायला हवं, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. त्या नव्या गाडीला तिने मनापासून, कौतुकाने, पाच आणि साडेपाच दिले होते.

"गाडी आवडली होती मला," ती म्हणाली. "फार आवडली होती."

बाकी चौघांची चाळीस बाबींची सरासरी सात पूर्णांक चार होती. सायलीची पाच पूर्णांक तीन. मी तिथेच पाकिटाच्या मागे गणित केलं. पाच जणांची मिळून सहा पूर्णांक अठ्ठ्याण्णव.

"दोन शतांशांनी?" मी विचारलं.

"दोन शतांशांनी," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ग्रॅहम ओरडला नव्हता. त्याने तिला बाजूला घेऊन चहा दिला होता आणि म्हणाला होता, की शुक्रवारपर्यंत तुझा गुणांचा तक्ता पुन्हा बघ, घाईत भरला असशील. तो सुधारून आणलास की विषय संपला. त्याच आठवड्यात त्याला चार इंटर्नपैकी एकाचं नाव वर कळवायचं होतं. त्या एकाला शिक्षण संपल्यावर कारखाना कायमचं बोलावणार होता. सायलीला ती जागा हवी होती. इथे शिकून नोकरी न मिळता परत गेलेल्या मुलांची तिच्याकडे यादी होती, नावानिशी.

"मग सुधार की," बायको म्हणाली. "सगळ्यांना आठ टाक."

"खोटे आठ?"

"अगं, गाडीला काय कळणार आहे?"

मी मध्ये पडलो. मी म्हटलं, आधी आकडे तर बघू. तक्ता घरी आणायची परवानगी नव्हती, पण वडिलांनी पाठांतर करून घेतलेली मुलगी, तिला चाळीसच्या चाळीस गुण तोंडपाठ होते. चौघांची बाबवार सरासरी बैठकीत भिंतीवर लावली होती, तीही तिच्या डोक्यात होती. मात्र कोणती बाब कशाची हे तिने मला सांगितलं नाही. फक्त क्रमांक सांगितले. मीही विचारलं नाही. सही ती सही. जेवणाचं टेबल पुसून मी तीन रकाने आखले, ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. बायको खिचडी पुन्हा गरम करून आमच्या दोघांच्या मध्ये आणून ठेवत होती.

रकाने भरल्यावर मला जे दिसलं ते माझ्यासारख्या माणसाला सुंदर वाटलं. चौघांच्या आणि हिच्या गुणांतला फरक जवळपास सगळीकडे सारखाच होता. कुठे पावणेदोन, कुठे सव्वादोन, पण फिरून फिरून दोन.

"हे दोन कोणाचे आहेत, ओळख," मी म्हणालो.

तिने कागदाकडे बघितलं. मग कपाळाला हात लावला. "बाबांचे."

"एक अक्षराचा आणि एक हवेचा. मोटारीला अक्षर कुठलं, सायली?"

ती हसली, त्या संध्याकाळी पहिल्यांदा. पण माझं बोट एका ओळीवर थांबलं होतं. बाब क्रमांक एकोणतीस. चौघांची सरासरी आठ, हिचे तीन. तिथे फरक पाचाचा होता. बाबांचे दोन वजा केले तरी तीन उरतात. आमच्या ऑफिसात सगळ्या बसेस दोन मिनिटं उशिरा धावल्या तर घड्याळ चुकलेलं असतं. एकच बस पाच मिनिटं उशिरा आली तर रस्त्यात काहीतरी झालेलं असतं.

"एकोणतीसला काय आहे, हे मी विचारत नाही," मी म्हणालो. "पण तिथे खरंच काहीतरी आहे."

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तिथे मला राग आला होता, काका. का आला ते आठवत नाही."

ते तिला बुधवारी सकाळी आमच्याच दारात आठवलं. त्या दिवशी बायको तिला बसथांब्यावर सोडणार होती. आमच्या गाडीच्या डिकीचं दार वरच्या बाजूला उघडतं. इथे त्याला बूट म्हणतात, आमच्या घरात ती अजून डिकीच आहे. सायलीने तिची बॅग आत टाकली आणि तिला दाराच्या आतल्या मुठीला बांधलेली परकराची नाडी दिसली. चांगली दीड फूट लोंबणारी, पांढरी.

"काकू, हे काय आहे?"

"दार खाली ओढायला. माझा हात कुठे पोचतोय वर."

"कधीपासून बांधलीय?"

"गाडी घेतली तेव्हापासून. आठ वर्षं झाली."

सायलीने माझ्याकडे वळून पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं, काका?"

या गाडीच्या चारही टायरांमधली हवा मी दर पंधरा दिवसांनी मोजतो आणि वहीत लिहितो. ती नाडी मी आठ वर्षं पाहत होतो. मला वाटत होतं, दृष्ट लागू नये म्हणून बांधली असेल. मी तसं सांगितलं.  बायकोने नाडी ओढून डिकी लावली, जरा जोरात.

सायलीची बस चुकली, कारण तिने मला टेप आणायला लावला. मूठ जमिनीपासून एकशे शहाऐंशी सेंटिमीटरवर होती. बायकोची उंची एकशे पन्नास, सायलीची एकशे बावन्न. मग सायली मला म्हणाली, "हे सांगायला नको, पण त्यांची याहून पाच सेंटिमीटर वर आहे." एवढंच ती बोलली. एकोणतिसावी बाब कशाची, ते मला न विचारता कळलं.

आता पेच असा होता. मी गुरुवारी तिला गणित करून दाखवलं. एकोणचाळीस बाबींत दोन दोन मिळवले आणि एकोणतीसचे तीन तसेच ठेवले, तर गाडीची सरासरी सात पूर्णांक सदतीस होते. गाडी पास. आणि एकोणतिसाव्या बाबीची पाच जणांची सरासरी होते बरोब्बर सात. तीही पास. म्हणजे तिने तक्ता मुकाट्याने सुधारून दिला तर सगळं सुरळीत होणार, जागाही कदाचित मिळणार, आणि त्या मुठीकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही. बघावं असं वाटत असेल तर तिला तोंडाने सांगावं लागणार. आणि सांगायचं तर आधी कबूल करावं लागणार, की पाच महिने आपण दिलेले सगळे गुण चुकीचे होते.

"तक्ता देऊन ये आणि गप्प बस," बायको म्हणाली. "मी आठ वर्षं नाडी ओढतेय. काही मेले नाही."

"म्हणूनच, काकू," सायली म्हणाली.

शुक्रवारी काय झालं ते तिने पानावर बसल्या बसल्या सांगितलं, घास हातात धरून. तिने ग्रॅहमसमोर तक्ता ठेवला आणि म्हणाली, एकोणचाळीस ठिकाणी दोन दोन मिळवा, ते दोन माझ्या वडिलांचे आहेत. ग्रॅहमने चहाचा कप खाली ठेवला. तिने त्याला अक्षर आणि हवा हे दोन्ही समजावून सांगितलं.

"मग तो काय म्हणाला?" बायकोने विचारलं.

"म्हणाला, तुझ्या वडिलांनी माझी गाडी नापास केली तर."

"आणि एकोणतीस?"

"म्हणाला, ती बाब सातवर पास आहे. मी म्हटलं, सहा फुटी माणसांना पास आहे."

मग तिने जे केलं ते मला अजूनही तिच्या सगळ्या वर्षातलं सर्वांत हुशारीचं काम वाटतं. तिने ग्रॅहमची उंची विचारली. एकशे त्र्याऐंशी. त्यातून स्वतःची एकशे बावन्न वजा केली आणि मेकॅनिकला सांगून तो नमुना लिफ्टवर एकतीस सेंटिमीटर उचलून घेतला. मग म्हणाली, "आता लावा डिकी."

ग्रॅहमने हात वर केला. पुरला नाही. त्याने टाचा उचलल्या, एक खांदा वर केला, शर्ट पँटमधून बाहेर आला. बोटं मुठीला लागली, पण धरता येईना. बाकीचे तिघं बघायला आले आणि हसायला लागले, तेव्हा तिने त्यांनाही रांगेत उभं केलं. एकाने सरळ उडी मारली. मूठ हातात आली, दार खाली आलं आणि त्याच्याच डोक्याला लागलं.

"फार लागलं का?" बायकोने काळजीने विचारलं.

"नाही हो. पण त्याने आधी त्या बाबीला साडेआठ दिले होते," सायली म्हणाली आणि घास तोंडात टाकला.

जागा तिला मिळाली नाही. मार्चमध्ये ग्रॅहमचा शेरा आला, तो तिने आम्हाला मराठीतून सांगितला. नजर चांगली, धीट आणि प्रामाणिक. पण तिच्या गुणांवर विसंबता येत नाही, सबब या मंडळासाठी शिफारस करता येत नाही. दुसऱ्या एका मुलाचं नाव वर गेलं. बायको इतकी संतापली की तिने ग्रॅहमला न पाहताच त्याच्या चहापर्यंत सगळं काढलं.

"त्यांचं डोकं फुटायचं वाचवलंस तू, आणि हे काय?"

"काकू, मी पाच महिने चुकीचे गुण दिले. ते त्याने विसरायचं का?" सायली म्हणाली. आवाज स्थिर होता. पण त्या दिवशी ती वर गेली आणि चहाला खाली आली नाही. बायकोने कप वर नेऊन दिला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली.

दोन दिवसांनी तिच्या वडिलांचा मला फोन आला. यापूर्वी आमचं बोलणं सणासुदीपुरतंच झालं होतं. हवापाणी झालं, माझी प्रकृती झाली, मग ते थांबले.

"एक विचारू का? माझ्यामुळे पोरीची नोकरी गेली का?"

मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "सर, एकोणचाळीस बाबींत तुमच्यामुळे चुकली, हे खरं आहे. उरलेली एक तिने जी धरून ठेवली, ते दुसऱ्या कोणाकडून शिकली असेल असं मला वाटत नाही."

 जरा वेळाने ते म्हणाले, "थंडी कशी आहे तिकडे?" मी तापमान सांगितलं.

उरलेले सहा महिने ती नेमाने सहा बाराची बस धरून गेली आणि खिशातला आकड्यांच्या अर्थांचा तक्ता बघून गुण देत राहिली. घरात मात्र जुनाच हिशेब चालू होता. बायकोने तसं बजावलं होतं, वाढवलेले सात मला नकोत म्हणून. ऑगस्टच्या शेवटी आम्ही तिला लीड्सच्या रेल्वेगाडीत बसवून दिलं. पुढच्या वर्षी तिचं शिक्षण संपलं, आणि तिथेच इस्पितळांसाठी खाटा बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तिला काम मिळालं. खाटेचा कठडा खाटेवरच्या माणसाला आतून पाडता येतो का, हे ती स्वतः दिवसभर झोपून बघते. नर्सेसची उंची विचारून लिहून ठेवते. मोटारींच्या धंद्यात ती परत गेली नाही.

सायलीने नापास केलेली ती गाडी गेल्या महिन्यात बाजारात आली. शनिवारी आम्ही दोघं शोरूममध्ये गेलो. घ्यायला नव्हे, आमची गाडी उत्तम चालते आहे. तिथला तरुण विक्रेता फार उत्साही होता. त्याने स्टिअरिंगशेजारचा टचस्क्रीन दाखवला, गरम होणाऱ्या सीट दाखवल्या, दार लावून आवाज ऐकवला. बायको ऐकल्यासारखं करत सरळ मागे गेली आणि तिने डिकी उघडली. दार वर गेलं. तिने हात वर केला, मूठ धरली आणि दार खाली आणलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. असं तिने चार वेळा केलं. विक्रेत्याला वाटलं, आता ही घेणार. तो कागद आणायला धावला. ती त्याच्या पाठीकडे बघत मला म्हणाली, "अहो, तिला फोन लावा."

सायली कामावर होती. मागे कुठल्यातरी यंत्राची घरघर ऐकू येत होती. मी सांगितलं कुठून बोलतोय ते. घरघर थांबली.

"काका, टेप आणलाय?"

"आणलाय. एकशे शहात्तर."

"एकशे एक्याण्णवची शहात्तर," ती म्हणाली. मग जरा थांबून, "काकूंचा हात पोचला?"

"पोचला."

"आणि टाचा?"

मी बायकोला दार पुन्हा एकदा लावायला सांगितलं आणि वाकून नीट पाहिलं.

"जमिनीवर आहेत," मी म्हणालो. "दोन्ही."